हान्यूचा पूह : 'बर्फावर पडलेलं' सॉफ्ट टॉय विकत घ्यावं का?

गोगलगाय (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, खेळ विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, दुसरीकडे हलवायचा असेल तर अ‍ॅडमिननी खुशाल हलवावा.

आमच्या घरात सध्या युझुरू हान्यू नावाचं वारं शिरलंय. लेक लहानपणापासून रोलर स्केटिंग करते (पुण्यात निम्मी पोरं करतातच), तिथून यूट्यूबवर फिगर स्केटिंग बघणं सुरू झालं आणि तिथून हा मुलगा सापडला. मुलगा कसला, १९९४ चा जन्म आहे, पण दिसतो अजून कॉलेजातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जपानच्या सेन्दाई शहरातला, २०१४ ला सोची आणि २०१८ ला प्याँगचांग अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं. पुरुष एकेरीत त्याआधी हे जमलं होतं अमेरिकेच्या डिक बटनला, तेही १९४८ आणि १९५२ साली, म्हणजे मधे ६६ वर्षं गेली.

तर या हान्यूकडे विनी द पूहचं, म्हणजे ते लाल बंडीवालं पिवळं अस्वल, त्याचं टिश्यूच्या डब्याचं कव्हर आहे. स्पर्धेला जायचा तिथे ते बरोबर आणि रिंकच्या कडेला ठेवलेलं असायचं. त्यामुळे याचा प्रोग्रॅम संपला की प्रेक्षक बर्फावर पूह फेकायचे, एकदोन नाही, अक्षरशः पिवळा पाऊस. व्हिडिओ बघितला नसेल तर आधी तो बघा मग इथे या.

आता प्रश्न. एका रीसेल साइटवर एक पूह दिसतोय, हान्यूच्या प्रोग्रॅमसारखा पोशाख घातलेला, आणि विक्रेता म्हणतो की हा प्याँगचांगला खरोखर बर्फावर पडलेला आहे, सोबत 'सर्टिफिकेट' देतो. किंमत विचारू नका, त्यात बरी वॉशिंग मशीन येईल. लेकीची दहावी झाली म्हणून काहीतरी खास द्यायचंय. घ्यावा का? कुणाला असल्या गोष्टींची माहिती आहे का?

बोरकूट

घेऊ नका.

बोरकूट

वरचा प्रतिसाद फारच तुटक झाला म्हणून सविस्तर लिहितो. ताई, तुम्ही जरा उलट बाजूने विचार करा. बर्फावर पडलेला पूह विक्रेत्याच्या हातात येईलच कसा? प्रेक्षकाने फेकला की तो प्रेक्षकाचा राहिला नाही. बर्फावरून तो उचलतात छोटी मुलं, तिथून पोत्यात, आणि हान्यू हे पूह त्या त्या गावात दान करायचा, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे एकतर तुमचा विक्रेता थापा मारतोय, किंवा कुठल्या तरी पोराला मिळालेलं खेळणं बाजारात आलंय. दोन्हीत पैसे घालावेत असं मला तरी वाटत नाही.

देवळाबाहेर बघा, वाहिलेला नारळ मागच्या दाराने परत त्याच दुकानात येतो आणि पुन्हा विकला जातो. हा तसलाच नारळ, फक्त सर्टिफिकेटवाला.

रम्य_संध्या

नारळ =)) =))

पण बोरकूट, लोक सचिनची ग्लोव्हज लिलावात घेतातच की, मग पूहनेच काय घोडं मारलंय?

बोरकूट

ग्लोव्हज सचिनने घातलेली असतात हो. हान्यूने त्या पूहला हातही लावलेला नसतो! शेकडो पूहमधला हा एक, पडला असेल तर पडला असेल. आणि सगळे पूह दिसायला सारखेच, तोच गिरणीत तयार झालेला पिवळा कपडा. त्याच्यावर 'हा पडला' आणि 'हा नाही पडला' असं काय लिहिलेलं असतं?

तात्या_टोरांटोकर

गोगलगाय, धागा आवडला. आमच्या गावाचं नाव यात कसं नाही आलं म्हणून लिहितोय :) हान्यू २०१२ पासून इथेच होता, टोरांटो क्रिकेट, स्केटिंग अँड कर्लिंग क्लबमधे ब्रायन ऑर्सरकडे. (हो, क्लबच्या नावात क्रिकेट आहे, आपल्या लोकांना ऐकून बरं वाटतं.) गंमत म्हणजे त्याच क्लबात त्याच गुरूकडे स्पेनचा हावियेर फर्नांडेझ पण सराव करायचा आणि प्याँगचांगला हान्यूला सुवर्ण, त्याला कांस्य. मधे रौप्य शोमा उनो, तोही जपानचा.

खेळणी फेकण्याबद्दल थोडं. इकडे आइस हॉकीत पण आहे ही पद्धत, टेडी बेअर टॉस म्हणतात, नाताळच्या आसपासच्या एखाद्या मॅचला घरच्या टीमचा पहिला गोल झाला की सगळं स्टेडियम टेडी फेकतं आणि ते सगळे हॉस्पिटलं, संस्था वगैरेंना जातात. १९९३ ला ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सच्या टीमने सुरू केलं असं सांगतात. तिथे फेकतानाच ठरलेलं असतं की हे मुलांना जाणार. फिगर स्केटिंगमधे तसं नाही, तिथे ते स्केटरला दिलेलं असतं, पुढे काय करायचं ते त्याच्यावर. हान्यूने दान करायचं ठरवलं, हा त्याचा मोठेपणा.

बर्फाळ_बोका

वा, माझ्या आवडीचा विषय! मी मोठेपणी आइस स्केटिंग शिकायला लागलेला माणूस आहे (शिकतोय म्हणणं धाडसाचं, कठडा धरून फिरतो), त्यामुळे तांत्रिक बाजू सांगतो.

फेकायच्या वस्तूला नियम असतात. फुलं असतील तर प्लॅस्टिकमधे घट्ट गुंडाळलेली पाहिजेत, कारण एक पाकळी जरी बर्फावर राहिली आणि पुढच्या स्केटरची ब्लेड त्यावर गेली तर माणूस आडवा. पूहचं पण तेच, अनुभवी फॅन त्याला पारदर्शक पिशवीत बांधून आणतात म्हणजे धागे, लव, टिकल्या काही सांडत नाही आणि खेळणं ओलंही होत नाही. तेव्हा ताई, तुमच्या विक्रेत्याने 'बर्फाचे डाग' वगैरे दाखवले तर हसा आणि पुढे जा. आणि तो पोशाख मणी लावलेला असेल तर असला पूह कुठल्याच शहाण्या फॅनने बर्फावर टाकला नसता.

दुसरं, हान्यूनंतर जो उतरायचा त्याचे हाल. तो बिचारा बर्फावर येऊन थांबलेला, स्नायू गार पडतायत, आणि समोर डझनभर पोरं पूह गोळा करतायत. ही पोरं सहसा त्याच गावच्या स्केटिंग क्लबातली असतात, त्यांच्यासाठी ही मोठी चैन, ऑलिंपिकच्या बर्फावर पाय ठेवायला मिळतो.

मंजिरी_वाशी

एवढी खेळणी फेकायची, प्लॅस्टिकमधे बांधून, मग ती गोळा करायची आणि दान करायची... मला हा सगळा प्रकारच पटत नाही, राग मानू नका. ज्याला दान करायचंय त्याने सरळ पैसे द्यावेत. हजार पॉलिएस्टरची अस्वलं एका छोट्या गावात नेऊन टाकायची म्हणजे आपली हौस आणि त्यांच्या गळ्यात.

निमा_निहोन

मंजिरी, मुद्दा योग्य आहे पण हान्यूच्या बाबतीत पैसेही दिले गेलेत हे सांगायला हवं. मी टोक्योत राहते, सेन्दाई इथून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तास. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा हा १६ वर्षांचा होता आणि सेन्दाईच्या रिंकवरच सराव करत होता, स्केट्स पायात तशीच बाहेर पळाला. घरचे सगळे काही दिवस शिबिरात राहिले. रिंक बंद पडलं मग सराव कुठे, तर गावोगावच्या आइस शोमधे जाऊन तिथेच बर्फ वापरायचा. पुढे त्याने आपल्या आत्मचरित्राची रॉयल्टी त्या सेन्दाईच्या रिंकला दिली. इकडे लोकांना तो आवडतो त्यात पदकांइतकाच याचाही वाटा आहे, निदान माझ्या ऑफिसातल्या बायकांशी बोलून मला तसं वाटतं.

आता मूळ प्रश्न. गोगलगाय, 'ऑफिशियल' शब्दावर जाऊ नका. पूहचे हक्क डिस्नेचे. हान्यूचं नाव आणि चेहरा हान्यूचा. ऑलिंपिकचं नाव आणि ती पाच वर्तुळं ऑलिंपिक कमिटीची. तिन्ही एकाच खेळण्यावर अधिकृतपणे आहेत असं म्हणणारा माणूस कुठलं लेबल दाखवतो ते विचारा. उलट ऑलिंपिकमधे जाहिरातीचे नियम इतके कडक की त्याचं ते लाडकं टिश्यू कव्हरसुद्धा रिंकच्या कडेला आणता येत नव्हतं. सगळ्या जगाने जो पूह बघितला तो प्रेक्षकांनी आणलेला.

पोशाख घातलेले पूह इकडे दिसतात ते बहुतेक फॅन लोकांनी स्वतः शिवलेले. साधा पूह दुकानातून आणायचा आणि त्याला हान्यूच्या प्रोग्रॅमचे कपडे शिवायचे. काय सुंदर काम असतं, आपल्याकडे बाळकृष्णाचे कपडे शिवणाऱ्या बायकांना दाखवलं तर त्याही मान्य करतील.

रम्य_संध्या

निमा, माहितीबद्दल धन्यवाद. जाता जाता, रशियाच्या अलिना झागितोवाची कुत्र्याची गोष्ट ठाऊक आहे का कुणाला? प्याँगचांगची महिला सुवर्णविजेती. ऑलिंपिकच्या आधी जपानमधे सरावाला होती तेव्हा मासिकात अकिता जातीची कुत्री बघून आवडली, आईला म्हणाली मला पाहिजे, आणि जिंकल्यावर जपानी लोकांनी खरंखुरं पिल्लू दिलं, मॉस्कोत, जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे स्वतः हजर! नाव मासारू. फेकायच्या भानगडीत न पडता थेट जिवंत प्राणी.

बर्फाळ_बोका

मासारूची गोष्ट म्हणजे कमाल आहे. पण बाकी खेळण्यांमधे विजेत्याचं 'खरं' खेळणं हवं असेल तर एक वेगळी जात आहे, ती इथे कुणीच काढली नाही.

प्याँगचांगला विजेत्यांना पदक लगेच रिंकवर देत नव्हते. तिथे फक्त एक पांढरा वाघ द्यायचे, सूहोरांग, त्या ऑलिंपिकचा मॅस्कॉट, आणि पदक नंतर मेडल प्लाझामधे. पण हा वाघ दुकानातल्यासारखा नव्हता, त्याच्या डोक्यावर फुलं लावलेली टोपी होती. जुन्या कोरियात, जोसॉन राजवटीत, सरकारी परीक्षा पास झालेल्यांना राजा कागदाची फुलं द्यायचा, टोपीत खोवायला. ती फुलं. पोडियमवर हान्यूच्या हातात जो वाघ दिसतो तो हा. बीजिंगला २०२२ मधे पण तसंच, बिंग ड्वेन ड्वेन नावाचा पांडा सोनेरी वेलीच्या चौकटीत, तो पदकवाल्यांनाच. साधा पांडा दुकानात मिळायचा, म्हणजे मिळायचा कसला, लोक थंडीत रांगा लावून परत जात होते.

तर जमवायचंच असेल तर पूहपेक्षा या वाघाला काही अर्थ आहे, कारण हा खेळाडूच्या हातात दिलेला असतो. पण तो खेळाडू कशाला विकेल.

तात्या_टोरांटोकर

बोका, बरी आठवण केलीत. टोक्योला २०२१ मधे पदकवाल्यांच्या पुष्पगुच्छात पण छोटा मिराइतोवा, म्हणजे तिथला मॅस्कॉट, होता. आपल्या नीरजच्या हातात पण. आणि त्या गुच्छातली सूर्यफुलं मियागी प्रांतातली, म्हणजे सेन्दाई ज्या प्रांतात आहे तिथली, भूकंप झालेल्या भागातली फुलं मुद्दाम घेतली होती. हान्यूशी थेट संबंध नाही पण प्रांत एकच म्हणून सांगितलं.

डॉ_अनामिक

मी फक्त एवढंच विचारायला आलो की ज्या माणसाला लहानपणापासून दमा आहे त्याच्या अंगावर लोक सॉफ्ट टॉय का फेकायचे? :) धुळीतल्या बारीक किड्यांना लोकरी खेळण्यासारखं दुसरं घर नाही. दान करायचा ते तब्येतीच्या दृष्टीनेही उत्तम.

धागाकर्तीसाठी, आणि हे मी गंमतीत नाही सांगत: घरात कुणाला दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असेल तर कुठलंही सॉफ्ट टॉय पिशवीत घालून रात्रभर आणि दुसरा दिवसभर डीप फ्रीझरमधे ठेवा, मग धुवा. गारठ्याने किडे मरतात पण त्यांची घाण धुतल्याशिवाय जात नाही.

मंजिरी_वाशी

डॉक्टर, फ्रीझरमधला पूह डोळ्यासमोर आला आणि ऑफिसात हसले.

माझं मत तेच आहे पण निमाने भूकंपाचं लिहिलं ते वाचून जरा मवाळ झालंय. आणि वाशीत राहते म्हणून एक प्रत्यक्ष अनुभव, आमच्याकडे पावसाळ्यात काचेच्या कपाटातल्या बाहुल्यांना पण बुरशी येते. तेव्हा 'कलेक्शन' म्हणून महागाचं काही घ्याल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि उन्हात घालताना वर पातळ कपडा टाका, नाहीतर पिवळ्या पूहचा पांढरा पूह होतो. पुण्यात एवढा त्रास नसेल.

चिंटूचा_बाबा

बाहेरून मागवणार असाल तर कस्टमचं पण लक्षात घ्या. खेळण्यांवरची ड्यूटी सरकारने २०२० मधे २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ च्या बजेटमधे ७०. वरचा खर्च बराच होऊन बसतो. कुणी येणार असेल जपानहून तर त्याच्या बॅगेतून आणा, तेही टॅग काढून, एकच.

बोरकूट

बघा, सगळे हळूहळू माझ्याच बाजूला आले. हलके घ्या.

सुप्त_ज्वालामुखी

मी नाही आले! इतका वेळ गप्प वाचत होते पण आता बोलते. मी हान्यूची जुनी फॅन आहे, पूह फेकणाऱ्यातली नाही कारण तेवढे पैसे कधी नव्हते, पण लॅपटॉपवर रात्री जागून सगळं बघितलंय. लोकांना हे बालिश वाटतं आणि वरचे काही प्रतिसाद त्याच सुरात आहेत. प्याँगचांगच्या आधी नोव्हेंबरात ओसाकाला सरावात उडी मारताना याचा उजवा घोटा गेला, त्यानंतर ऑलिंपिकपर्यंत एकही स्पर्धा नाही. सरळ ऑलिंपिकला उतरला आणि शॉर्ट प्रोग्रॅमला (स्पर्धेचा पहिला, छोटा भाग) १११.६८ गुण. त्या दिवशी जे पूह पडले ते बघून मी रडले होते आणि मला त्याची लाज नाही. तीन महिने ज्याच्याबद्दल काही बातमी नव्हती तो परत आला, आणि तुम्ही तिथे गॅलरीत आहात, हातात द्यायला काय आहे तुमच्याकडे? टाळ्या सगळेच वाजवतात.

आणि बीजिंगला २०२२ ला, जिथे प्रेक्षक निवडक आणलेले आणि पाऊस वगैरे काही नाही, तिथे तो चौथा आला, पण त्याला क्वाड अ‍ॅक्सेल मारायचा होता. साडेचार फेऱ्या हवेत. पडला. पण स्पर्धेत ती उडी नोंदली गेली ती पहिल्यांदा त्याच्या नावावर, आणि स्वच्छ उतरवली त्याच वर्षी सप्टेंबरमधे अमेरिकेच्या इलिया मालिनिनने. जुलैत हान्यूने स्पर्धा सोडल्या होत्या. आता आइस शो करतो, २०२३ च्या फेब्रुवारीत टोक्यो डोम एकट्याने भरवला. स्पर्धेतला तो पिवळा पाऊस आता पुन्हा नाही. म्हणून कुणाला त्यातला एक पूह घरी असावासा वाटला तर मला ते समजतं. विकत घेऊ नका हे बरोबर आहे, पण असं वाटणाऱ्याला हसू नका.

बोरकूट

ज्वालामुखी, विक्रेत्याला हसतोय, फॅनला नाही. १११.६८ चा व्हिडिओ आत्ता बघितला. बरं चालतंय ते.

सुप्त_ज्वालामुखी

'बरं चालतंय' =)) तुमच्याकडून एवढं पण खूप आहे.

गोगलगाय (धागाकर्ती)

बापरे केवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. विक्रेत्याला निमाने सांगितलं तसं लेबल विचारलं तर त्याने परत तेच सर्टिफिकेट पाठवलं, घरच्या प्रिंटरवर काढलेलं. तो विषय संपला.

लेकीला धागा दाखवला. ती म्हणाली मला पडलेला नकोच होता, मला सेइमेईच्या ड्रेसवाला पाहिजे होता, तू त्याला पडलेला म्हणून महाग शोधलास. घ्या! तर आता साधा पूह आणायचा आणि सासूबाई शिवणार. त्या ब्लाउज शिवतात, अस्वल पहिल्यांदाच. निमा, त्या ड्रेसबद्दल सांग ना जरा.

निमा_निहोन

अगं मस्तच! सेइमेई म्हणजे आबे नो सेइमेई, हेइआन काळातला, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचा, दरबारी ज्योतिषी-मांत्रिक, त्याच्यावरचा तो प्रोग्रॅम आहे, प्याँगचांगचा फ्री प्रोग्रॅम (दुसरा, मोठा भाग) तोच. ड्रेस त्या काळच्या दरबारी अंगरख्यावरून घेतलेला, कारिगिनू म्हणतात त्याला, पांढऱ्यावर जांभळा आणि थोडा हिरवा आणि सोनेरी काम. सासूबाईंना सांग की बाह्या रुंद, खांद्यापाशी फटीसारख्या उघड्या. सोनेरीसाठी जरीची बारीक लेस चालेल, खण नको, जाड होईल. आणि खाली काळी पँट. पूहला पँट म्हणजे पहिल्यांदाच असेल.

दिवाळीत पुण्याला येतेय, त्याआधी सेन्दाईला एक चक्कर आहे. तिथे कोकुसाई सेंटर नावाच्या मेट्रो स्टेशनजवळ हान्यूचं आणि शिझुका अराकावाचं स्मारक आहे, ती २००६ च्या तुरीन ऑलिंपिकची सुवर्णविजेती, तीही सेन्दाईतच वाढलेली. लेकीसाठी फोटो काढून आणते. पूह इकडून आणू का, पुण्यात मिळतोय तुला?

गोगलगाय (धागाकर्ती)

आण, बसलेल्या मापाचा, २५ सेंटीमीटरच्या आसपासचा, फार मोठा नको. पैसे आधीच पाठवते, नाही म्हणू नकोस.

बर्फाळ_बोका

पोट मोजून घ्या आधी. पूहच्या पोटावर ब्लाउजचं माप चालत नाही, आणि बाही मागून उघडी ठेवून हुक लावा, त्याचे हात वर होत नाहीत त्यामुळे डोक्यावरून कपडा जात नाही. बहिणीने टेडीला शिवून बघितलंय, शेवटी पाठच उसवायला लागली.